खुराकावाचून कवाईत : मराठी प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षणाचा पूर्वेतिहास

मराठी भाषेत 'तालीम' या शब्दाला जो अर्थ प्राप्त झाला आहे, तो त्याच्या मूळ अरबी अर्थापासून बराच दूर गेलेला आहे. 'तअलीम' म्हणजे शिकविणे, अध्यापन. 'इल्म' आणि 'मुअल्लिम' हे शब्द ज्या धातूपासून निघाले, त्याच धातूचे हे रूप होय. मराठीत मात्र तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, कोपऱ्यातील मारुती, भिंतीशी उभे केलेले मुद्गर आणि करेले. नाटकाच्या तालमीत मूळ अर्थाची थोडी छाया उरली आहे. परंतु 'तो तालमीत जातो' असे म्हटल्यावर तो विद्यार्जनास जातो असे कोणीही समजत नाही. एखादा शब्द शिक्षणाच्या क्षेत्रातून शरीरसाधनेच्या क्षेत्रात इतका पूर्णपणे स्थलांतरित व्हावा, ही केवळ कोशकारांच्या कुतूहलाची बाब नव्हे. ज्या समाजात अक्षरविद्या आणि शरीरविद्या या दोहोंची स्थाने, गुरू, शिष्य आणि वेळा निरनिराळ्या होत्या, त्या समाजाचा इतिहासच या अर्थांतरात साठविलेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली गेली आणि 'नई तालीम' हे नाव पुढे रूढ झाले. तेव्हा मराठी खेड्यातील श्रोत्याच्या कानाला ते काहीसे चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. त्याच्या भाषेत तालीम शाळेत नव्हतीच.

जुन्या पंतोजीच्या शाळेत शरीराचा संबंध येई तो मुख्यतः शिक्षेच्या निमित्ताने. अंगठे धरणे, ओणवे होणे, उठाबशा काढणे ही त्या शाळेची शारीरिक परिभाषा. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उठाबशा आणि तालमीतील बैठका या क्रिया शरीरदृष्ट्या जवळजवळ एकच आहेत. गुडघे वाकवून बसावयाचे आणि उठावयाचे. परंतु एकीची गणना पुरुषार्थात, दुसरीची अपमानात. तालमीतला मुलगा आपल्या बैठकांची संख्या अभिमानाने सांगेल. शाळेतला मुलगा आपल्या उठाबशांची संख्या लपवील. क्रिया तीच असून तिचे मूल्य संदर्भाने ठरते आणि भाषा त्या दोन संदर्भांसाठी दोन शब्द राखून ठेवते. शाळेत शारीरिक शिक्षण आणू पाहणाऱ्यांना पुढे जी अडचण आली, तिचा एक अंश येथे आहे. मुलाच्या मनात शाळेतील शारीरिक हालचाल ही शिक्षेशी निगडित झालेली होती.

इंग्रजी अमदानीत ही स्थिती पालटण्याचा पहिला अधिकृत उच्चार १८८२ च्या शिक्षण आयोगाने केला. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने देशी खेळ, कसरत, शालेय कवाईत आणि प्रत्येक प्रकारच्या शाळेच्या परिस्थितीस मानवतील असे इतर व्यायाम यांना उत्तेजन देऊन विद्यार्थ्यांचा शारीरिक विकास साधावा, अशा आशयाची शिफारस केली. शिफारशीत देशी खेळांचा उल्लेख अग्रभागी होता. प्रत्यक्षात मात्र शाळांच्या वाट्यास कवाईत तेवढी आली. याचे कारण उघड आहे. देशी खेळ शिकविण्यास शिक्षक तयार करावा लागतो; कवाईत घेण्यास पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई अल्प वेतनावर मिळत असे. मोठ्या गावांच्या शाळांतून 'ड्रिल मास्तर' हा जो एक वर्ग निर्माण झाला, त्याचे मूळ या सोयीत आहे. लहान खेड्यातील एकशिक्षकी शाळेला तोही परवडत नसे. तेथे बिगारीपासून वरच्या इयत्तांपर्यंत सर्वांना सांभाळणारे गुरुजी रांगा लावून हात वरखाली करवून घेत आणि तपासनीस साहेब आले म्हणजे तेवढ्याचे प्रदर्शन होई.

'कवाईत' हा शब्दही अरबीच. 'कायदा' या शब्दाचे अनेकवचन 'कवाइद', म्हणजे नियम. उर्दूमध्ये हाच शब्द व्याकरण या अर्थी रूढ आहे, ही गोष्ट भाषाभ्यासकाला विशेष मौजेची वाटेल. शब्दांना नियमाने रांगेत उभे करणे ते व्याकरण आणि माणसांना नियमाने रांगेत उभे करणे ती कवाईत. लष्करी कवाईतीचे प्रयोजन आरोग्य हे कधीच नव्हते. एका हुकुमासरशी शेकडो देह एकाच रीतीने हलावेत, हे तिचे प्रयोजन. हे प्रयोजन सात वर्षांच्या मुलास लागू करण्यात काही विसंगती आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. त्यातच आज्ञा इंग्रजी. 'अटेन्शन', 'स्टँड ॲट ईज', 'राइट टर्न' या आज्ञा मुलांना अर्थाने नव्हे तर ध्वनीने ओळखावयाच्या असत. त्यांचे अपभ्रंश मराठी मुलांनी आपल्या जिभेच्या वळणाने केले आणि त्या अपभ्रंशांवरच पाय हलू लागले.

या स्थितीला पहिला भाषिक प्रतिकार बडोद्यात झाला. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव (१८७८–१९५४) यांनी सामुदायिक व्यायामाची पद्धती बसविली आणि तिच्यासाठी देशी भाषेतील आज्ञा योजिल्या. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. माणिकराव त्यांचे हिंदू शिष्य. आणि शिष्याने गुरूच्या नावाने संस्था चालविली. माणिकरावांचे कार्य दोन परंपरांच्या संधीवर उभे आहे. तालमीतील व्यायाम हा मूलतः व्यक्तीचा. प्रत्येकाची ताकद वेगळी म्हणून प्रत्येकाचे जोर वेगळे आणि वस्तादाची नजर प्रत्येकावर. कवाईत ही समूहाची. तीत व्यक्तीला स्थान नाही. लाठी, लेझीम, मुद्गर ही तालमीची साधने समूहाच्या तालावर आणावयाची, तर आज्ञांची एक भाषा लागते. ती भाषा माणिकरावांनी पुरविली. लेझीम हे त्यातील सर्वांत यशस्वी उदाहरण. मूळ फारसी 'लेझम' म्हणजे दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले, बाहू बळकट करण्यासाठी ओढावयाचे धनुष्य. मराठी मुलखात त्याला झांजेच्या चकत्या लागल्या, हलगीची साथ मिळाली आणि एका धनुर्धराच्या एकांतातील साधनाचे शेकडो मुलांच्या मेळ्यातील वाद्य झाले. शाळेच्या पटांगणावर कवाईतीपेक्षा लेझीम अधिक काळ टिकली, कारण तिची आज्ञा हुकुमाची नसून तालाची होती.

माणिकरावांचे एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रियांचा प्रयोगशालेय अभ्यास आरंभिला. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाल्यावर शारीरिक शिक्षणाविषयी जी समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पाठोपाठ १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. निवृत्त शिपायाच्या जागी प्रशिक्षित शिक्षक आणण्याचा हा या प्रांतातील पहिला पद्धतशीर यत्न होय. त्याच्याही आधीपासून अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे कार्य सरकारी आश्रयावाचून करीत होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची आणि मल्लखांबाची प्रात्यक्षिके करून दाखविली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिच्या तेजापुढे मंडळाने शिक्षक घडविण्याचे जे निमूट कार्य केले ते झाकले गेले. वास्तविक शाळेच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे.

तथापि कांदिवलीत वा अमरावतीस शिकून बाहेर पडलेला शिक्षक बहुधा माध्यमिक शाळेत गेला. प्राथमिक शाळा १९२३ च्या कायद्याने स्थानिक मंडळांच्या ताब्यात गेल्या होत्या आणि त्यांच्या तिजोरीत स्वतंत्र व्यायामशिक्षकाला जागा नव्हती. या एका आर्थिक वस्तुस्थितीने पुढील अनेक दशकांचे चित्र ठरवून टाकले.

औंध संस्थानातील प्रयोग याच काळातला; परंतु त्याची जात निराळी. सातारा, सोलापूर आणि विजापूर या जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या या लहानशा संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कार शाळांतून सक्तीचे केले. त्यांनी त्यासाठी ग्रंथ लिहिला, चित्रे काढविली, व्याख्याने दिली आणि स्वतः वृद्धापकाळापर्यंत नमस्कार घातले. सूर्यनमस्कारांचा शैक्षणिक गुण असा की त्यांस साहित्य लागत नाही, मैदान लागत नाही आणि वेगळा शिक्षकही लागत नाही. गरीब संस्थानाच्या गरीब शाळेला परवडणारा तो व्यायाम होता. भवानरावांच्या मांडणीत आहाराचाही विचार होता, ही गोष्ट त्यांच्या अनेक अनुयायांनी पुढे सोडून दिली.

नमस्कारांबरोबर उच्चारावयाच्या बीजमंत्रांविषयी भवानरावांचे प्रतिपादन असे होते की, त्यांच्या ध्वनिकंपाने शरीरातील निरनिराळी स्थाने उत्तेजित होतात. ह्रां, ह्रीं, ह्रूं, ह्रैं, ह्रौं, ह्रः या सहा अक्षरांकडे उच्चारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर व्यंजनसंयोग सर्वत्र एकच असून स्वर तेवढा बदलतो. महाप्राण हकार, कंपित रकार, त्यावर स्वर आणि शेवटी अनुनासिक वा विसर्ग. असा उच्चार करताना श्वास दीर्घकाळ आणि नियंत्रितपणे सोडावा लागतो, इतके निश्चितपणे म्हणता येईल. यकृत, प्लीहा वा हृदय यांवर अमुक अक्षराचा अमुक परिणाम होतो, असे म्हणण्यास मात्र ध्वनिविज्ञानात आधार नाही. शिवाय मंत्र आले की शाळेतील व्यायामाला उपासनेचे रूप येते आणि निरनिराळ्या धर्मांची मुले जेथे एकत्र बसतात तेथे प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न आजही अधूनमधून डोके वर काढतो. मंत्र वगळून केलेले नमस्कार हे व्यायाम म्हणून तितकेच पुरे असतात.

देशी खेळांच्या बाबतीत याच अर्धशतकात एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. हुतूतूचे नियम बडोद्यास १९२३ मध्ये स्पर्धेच्या निमित्ताने निश्चित झाले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने पुढे या खेळांना छापील नियमावली दिली. मैदानाची लांबीरुंदी फुटांत आली, गडी मोजून घेतले गेले, पंच आला. यामुळे हे खेळ टिकले, गावोगाव एकरूप झाले आणि १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन होऊन हुतूतूचा कबड्डी झाला, हे खरे. परंतु प्राथमिक शाळेच्या मुलाचा यात लाभच झाला असे सरसकट म्हणता येत नाही. नियमबद्ध खेळात ठराविक संख्येचे, निवडलेले गडी खेळतात, बाकीचे पाहतात. अनियमित खेळात जितकी मुले येतील तितकी सामावली जातात. अशक्त मुलाला 'कच्चं लिंबू' म्हणून घेण्याची सोय ज्या खेळात आहे, त्यात दयाबुद्धी आणि शरीरशिक्षण दोन्ही आहेत. छापील नियमावलीत कच्च्या लिंबाला कलम नाही. आट्यापाट्या, लगोरी, सूरपारंब्या, लंगडी यांपैकी लंगडीला शाळेत थोडे स्थान मिळाले, आट्यापाट्यांना स्पर्धेपुरते मिळाले आणि बाकीचे झाडाखाली राहिले.

विटीदांडूचा तर विचारही झाला नाही. विटी डोळ्याला लागते हे त्याचे कारण असावे आणि ते खोटे नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र या खेळाची हानी वेगळ्या कारणाने जाणवते. वकट, लेंड, मूंड, नाल अशी जी मोजणी या खेळात मराठी मुलांच्या तोंडी होती, ती तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यावाचकांशी उघड उघड जुळणारी आहे. मराठीच्या व्यवहारातील अंकगणितात या शब्दांना कोठेही स्थान नाही. तरीही शाळेत एक, दोन, तीन घोकणारी मुले शाळा सुटल्यावर शेजारभाषेच्या अंकांनी विटी मारीत राहिली आणि हे ज्ञान एका मुलाने दुसऱ्याला दिले; कोणत्याही पंतोजीने नव्हे. मुलांची शरीरविद्या प्रौढांच्या देखरेखीवाचून पिढ्यान्‌पिढ्या कशी चालते याचा इतका स्पष्ट भाषिक पुरावा दुर्मीळ आहे.

मुलींच्या बाबतीत ही स्थिती आणखी स्पष्ट दिसते. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा हे मंगळागौरीचे खेळ म्हणजे श्वास, तोल, पाठ आणि पाय यांचा परिपूर्ण व्यायाम. त्यांत गाणे असल्याने तालही आपोआप येतो. परंतु ते घरातले, सणातले, बायकांचे. म्हणून शाळेने त्यांकडे व्यायाम या दृष्टीने पाहिले नाही. मुलींच्या शाळेतही बहुधा मुलांचीच कवाईत सौम्य करून आणली गेली.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. तालमीच्या परंपरेत व्यायामाबरोबर नित्य येणारा एक शब्द आहे : खुराक. हा फारसी शब्द. अर्थ खाणे, आहार. मराठीत तो सामान्य जेवणाला लावीत नाहीत. तालमीत जाणाऱ्याचे दूध, तूप, बदाम म्हणजे खुराक. 'जोर काढतोस, पण खुराकाचे काय?' हा प्रश्न वस्ताद शिष्याला पहिल्या आठवड्यातच विचारील. खुराकावाचून मेहनत केल्यास अंग भरत नाही, उलट झडते, हे तालमीला अनुभवाने ठाऊक होते. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी मल्लांना जो राजाश्रय दिला त्यात खुराकाचा खर्च हा गृहीतच होता. त्याच शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले, १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम आरंभिला आणि १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सरसकट शाळांत घेण्याचा हुकूम काढला. एकाच राजाच्या कारकिर्दीत मैदान, सक्तीची शाळा आणि समतेचा हुकूम या तिन्ही गोष्टी आल्या. सक्तीच्या शाळेने जी मुले आत आणली ती मात्र खुराकाच्या मुलांपेक्षा फार वेगळी होती. मारुतीच्या मूर्तीशेजारची तालीम सर्वांना खुली नव्हती. शाळा खुली झाली. शेतावर राबणाऱ्याची, बलुतेदाराची, महारवाड्यातील मुले सकाळी शिळी भाकरी खाऊन, कित्येकदा न खाता, तीत येऊ लागली. आणि शाळेने तालमीतून व म्हणण्यापेक्षा पलटणीतून व्यायाम घेतला, पण खुराक घेतला नाही. पलटणीतही शिपायाला शिधा मिळतो, ही गोष्टसुद्धा विसरली गेली.

इंग्लंडमध्ये याच सुमारास काय घडले ते ताडून पाहणे उद्‌बोधक ठरेल. बोअर युद्धाच्या वेळी (१८९९–१९०२) भरतीस आलेल्या तरुणांपैकी पुष्कळसे शरीराने अपात्र ठरले. त्यातून उद्भवलेल्या चिंतेने एक समिती नेमली गेली आणि तिने १९०४ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर १९०६ च्या कायद्याने गरजू मुलांना शाळेत जेवण देण्याचा अधिकार स्थानिक मंडळांना मिळाला, १९०७ च्या कायद्याने विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी आली आणि १९०९ मध्ये प्राथमिक शाळांसाठी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला. तो स्वीडनमधील लिंग यांच्या पद्धतीवर आधारलेला होता. म्हणजे जेवण, डॉक्टर आणि व्यायाम या तीन गोष्टी पाच वर्षांच्या आत, आणि याच क्रमाने, आल्या. राज्यकर्त्यांचा हेतू सैनिक मिळविण्याचा होता हे मान्य केले, तरी या क्रमातील शहाणपण नाकारता येत नाही. हिंदुस्थानात त्याच राज्यकर्त्यांनी तिसरी गोष्ट तेवढी पाठविली.

याला अपवाद पुन्हा बडोद्याचा. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. १९०९ मध्ये बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. या देशातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तेथून मानला जातो. सक्तीने मुलाला शाळेत आणणारे सरकार त्याच्या देहाविषयीही उत्तरदायी ठरते, हा विचार येथे प्रथम कृतीत उतरला. मूल शाळेत येत नाही, आले तर टिकत नाही, टिकले तर शिकत नाही, याची कारणे पाठ्यपुस्तकात शोधणाऱ्या पुढील अनेक समित्यांनी मुलाचे डोळे, कान, दात आणि हिवतापाने वाढलेली प्लीहा यांकडे पाहिले नाही. १९२९ च्या हार्टोग समितीने गळती आणि स्थगिती हे दोन शब्द शिक्षणचर्चेत कायमचे रूढ केले. परंतु एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे राहणारे मूल अनेकदा केवळ उपाशी वा आजारी असते, ही शंका चर्चेत क्वचितच आली. फळा न दिसणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याची सोय भाषेने करून ठेवलेली होती.

१९४४ च्या सार्जंट योजनेत विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी, उपचार आणि दुपारचे जेवण यांचा समावेश झाला. १९४६ मध्ये भोर समितीने स्पष्टच नमूद केले की शालेय आरोग्यसेवा या देशात जवळजवळ अस्तित्वात नाही आणि जेथे आहे तेथे अविकसित आहे. बडोद्याच्या तपासणीला तोपर्यंत सदतीस वर्षे लोटली होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत शारीरिक शिक्षणाच्या योजना विपुल झाल्या. १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांनी दिल्लीच्या निर्वासित वसाहतीतील कस्तुरबा निकेतन येथे राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. फाळणीने उद्‌ध्वस्त झालेल्या मुलांना रांग, गाणे आणि सामुदायिक कसरत यांनी सावरता येते, असा त्यांचा विश्वास होता, आणि त्या मुलांच्या बाबतीत तो अनाठायी नव्हता. १९५६ मध्ये शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय योजना आखली गेली. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई महाविद्यालय निघाले. निरनिराळ्या योजना एकमेकींत गुंतू लागल्या तेव्हा १९५९ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून १९६५ मध्ये त्यांचे एकीकरण करण्यात आले. दरम्यान १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्याची वेगळी समिती नेमण्यात आली. शिस्तीची समिती वेगळी, आरोग्याची वेगळी. मूल मात्र एकच होते.

या काळात पटांगणावरील आज्ञा पुन्हा बदलल्या. इंग्रजी आज्ञा गेल्या आणि हिंदी आल्या. 'सावधान' आणि 'विश्राम' हे तत्सम असल्याने मराठीत सहज मिसळले. किंबहुना लग्नातील मंगलाष्टकांमुळे 'सावधान' तर घरचाच. पण 'दाहिने मूड' आणि 'तेज चल' यांचे तसे नाही. 'उजवीकडे वळ' असे सोपे मराठी उपलब्ध असता पहिलीतील मुलाने उजव्या हाताचे दुसऱ्या भाषेतील नाव प्रथम कवाईतीत शिकावे, आणि चुकीच्या बाजूस वळल्यास बोलणी खावीत, यात लष्करी सोय असेल, शैक्षणिक नाही. माणिकरावांनी आज्ञा देशी केल्या त्या समजाव्यात म्हणून. समजणे हा हेतू मागे पडला की भाषा बदलूनही काही बदलत नाही.

शालेय व्यायामाच्या इतिहासातील जी बाजू रिकामी राहिली होती, ती फार उशिरा भरली. मद्रास शहराने आणि पुढे १९५६ पासून कामराज यांच्या काळात त्या राज्याने शाळेतील जेवणाचा मार्ग दाखविला होता. देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्याला महिन्याकाठी तीन किलो धान्य घरी देण्यात येई. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले अन्न शाळेत देणे बंधनकारक झाले आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील शाळांत खिचडी शिजू लागली. डॉक्टर त्याहूनही मागाहून आला. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेतील मुलांचे जन्मजात दोष, उणिवा, आजार आणि वाढीतील विलंब पाहिले जातात. इंग्लंडमधील पाच वर्षांचा क्रम येथे उलट होऊन शतकाहून अधिक काळ लांबला : प्रथम कवाईत, मग जेवण, शेवटी डॉक्टर.

या उलट क्रमाची आणखी एक परिणती झाली. जेवण आणि तपासणी येईपर्यंत व्यायामच मागे सरला होता. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य असावे असे सांगितले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभराच्या वर असल्यास, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी अशा निदेशकाचा उल्लेख त्यात नाही. तेथील 'शा. शि.' चा तास आजही वर्गशिक्षकाकडेच असतो, आणि खिचडीचा तांदूळ मोजणे, तपासणीच्या नोंदी भरणे ही कामेही बहुधा त्याच्याचकडे असतात.